रद्द झालेल्या कलमाची अंमलबजावणी : माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील, संगणक किंवा मोबाइलवरून ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवणारे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून संपूर्णपणे रद्द केले. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे मार्च २०२१ पर्यंतच्या जिल्हा न्यायालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अकरा राज्यांत मिळून निकालानंतर दाखल झालेली १,३०७ प्रकरणे याच कलमाखाली आढळली. त्यांत सर्वाधिक, ३८१, महाराष्ट्रातील होती. झारखंड २९१ प्रकरणांसह दुसऱ्या आणि उत्तर प्रदेश २४५ प्रकरणांसह तिसऱ्या क्रमांकावर होते.

ज्या राज्यातील अटकेमुळे हे कलम देशभर गाजले आणि न्यायालयात पोहोचले, त्याच राज्यात ते मृत्यूनंतर सर्वाधिक वापरले गेले, ही गोष्ट नुसती विरोधाभास म्हणून सोडून देण्याजोगी नाही. कलम ६६अ विषयी आजवर जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा आहे आणि ते योग्यच आहे. मात्र या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग प्रशासकीय आहे. एखादी तरतूद रद्द झाली ही माहिती न्यायालयाच्या दालनातून पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत कोणी न्यायची, कशी न्यायची आणि ती पोहोचली की नाही हे कोणी तपासायचे, याची कोणतीही ठरलेली व्यवस्था आपल्याकडे नव्हती. प्रस्तुत अभ्यासात कलमाची घडण आणि न्यायालयाचा निकाल यांचा विचार केला असला, तरी भर या दुसऱ्या भागावर आहे.

कलम कसे घडले

मूळ कायद्यात हे कलम नव्हते. १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झालेल्या कायद्याचा मुख्य हेतू व्यापाराचा होता. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि डिजिटल स्वाक्षऱ्या यांना कायदेशीर मान्यता देणे हे त्याचे काम होते आणि त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेला नमुना कायदा समोर ठेवलेला होता. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळावर एक अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली गेली आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली. त्यावरून मध्यस्थ कंपन्यांच्या, म्हणजे इतरांचा मजकूर आपल्या संकेतस्थळावर चालवणाऱ्या कंपन्यांच्या, जबाबदारीचा प्रश्न ऐरणीवर आला. २००५ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली गेली, २००६ मध्ये दुरुस्ती विधेयक संसदेत आले आणि पुढे ते स्थायी समितीकडे गेले. विधेयक मंजूर झाले ते २००८ च्या डिसेंबरात. २२ तारखेला लोकसभेने आणि २३ तारखेला राज्यसभेने त्याला संमती दिली. मुंबईवरील हल्ल्याला तेव्हा महिनाही उलटला नव्हता आणि इतक्या महत्त्वाच्या दुरुस्तीवर सभागृहात म्हणावी अशी चर्चा झाली नाही. २७ ऑक्टोबर २००९ पासून दुरुस्त कायदा अमलात आला.

या दुरुस्तीने आणलेल्या कलम ६६अ चे तीन भाग होते. संगणक किंवा संपर्क साधनाद्वारे अत्यंत आक्षेपार्ह किंवा धमकीच्या स्वरूपाची माहिती पाठवणे हा पहिला भाग. खोटी आहे हे माहीत असूनही त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, शत्रुत्व, द्वेष किंवा दुर्भावना निर्माण करण्यासाठी सातत्याने माहिती पाठवणे हा दुसरा. त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवून दिशाभूल करण्यासाठी ई-मेल अथवा संदेश पाठवणे हा तिसरा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड.

यांतील शब्द ब्रिटिश कायद्यातून आलेले होते. टेलिफोनवरून अर्वाच्य किंवा धमकीचे बोलणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ब्रिटनने १९३५ मध्ये टपाल कायद्यात दुरुस्ती केली होती आणि तीच शब्दयोजना थोड्याफार फरकाने २००३ च्या तेथील संचार कायद्यातील कलम १२७ पर्यंत टिकून राहिली. पण ब्रिटनमध्ये त्या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा सहा महिन्यांची होती. आपण शब्द उचलले, त्यांना ‘गैरसोय’ आणि ‘दुर्भावना’ यांची जोड दिली आणि शिक्षा सहापट केली.

तरीही या कलमाची खरी ताकद शब्दांच्या संदिग्धतेपेक्षा एका प्रक्रियात्मक तपशिलात होती, असे माझे मत आहे. कायद्याच्या कलम ७७ब नुसार तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचे गुन्हे दखलपात्र ठरतात. दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. भारतीय दंड संहितेत बदनामीचा गुन्हा अदखलपात्र होता. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायालयात खासगी तक्रार करावी, वकील द्यावा, तारखा कराव्यात, अशी ती वाट. तेच वाक्य फेसबुकवर लिहिले गेले तर मात्र ६६अ मुळे थेट ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवता येई आणि लिहिणाऱ्याला त्याच दिवशी उचलता येई. गुन्हा जामीनपात्र होता हे खरे; परंतु जामिनाची वेळ अटकेनंतर येते, आणि मतप्रदर्शनाच्या बाबतीत ज्याला धडा शिकवायचा असतो त्याला अटक एवढाच धडा पुरतो.

पालघर, नोव्हेंबर २०१२

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद राहिला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते; वेगळा जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. तेथील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. माणसे रोज जन्मतात आणि मरतात, जग चालूच राहते, आदर मिळवावा लागतो आणि आजचा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, असा त्यांचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने ती नोंद ‘लाइक’ केली.

शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने तक्रार दिली. जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. सोमवारी, १९ नोव्हेंबरला, दोघींना अटक झाली आणि प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याच दिवशी त्यांची सुटका झाली. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे दंड संहितेचे कलम २९५अ सुरुवातीला लावण्यात आले होते. एका राजकीय नेत्याच्या निधनानंतरच्या बंदवरील टिप्पणीत धार्मिक भावना कोठून आल्या, याचे उत्तर मिळण्याजोगे नव्हते, म्हणून पुढे ते बदलून समाजगटांत शत्रुत्व पसरवणाऱ्या विधानांविषयीचे ५०५(२) करण्यात आले. कलम ६६अ मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवर राहिले. ते कोठेही बसत होते, त्यामुळे ते बदलण्याची गरजच पडली नाही.

यानंतरची दुरुस्ती विलक्षण वेगाने झाली. देशभर टीका झाली, राज्य सरकारने चौकशी लावली, अटक अनाठायी होती असा निष्कर्ष निघाला आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघर पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. रुग्णालयाची मोडतोड करणाऱ्यांपैकी काही जणांना अटक झाली. पुढे पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि दोघींवरील गुन्हा मिटला. चूक दिसली की ती सुधारली जाते, असा समज यातून होऊ शकतो. पण ही चूक दिसली ती मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, सगळी प्रसारमाध्यमे आधीच शहरात जमलेली असताना. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकाला मुख्यमंत्र्यांविषयीचे व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली होती. मे महिन्यात मुंबईत एका विमान कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना नेत्यांविषयीच्या समाजमाध्यमांवरील मजकुरावरून अटक होऊन अनेक दिवस कोठडीत काढावे लागले होते. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीतील एका व्यावसायिकाला केंद्रीय मंत्र्याच्या मुलाविषयीच्या ट्वीटवरून पकडले गेले होते. त्यांच्यासाठी कोणी आठवड्याभरात निलंबित झाले नाही.

केंद्र सरकारने यावर काढलेला तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ९ जानेवारी २०१३ च्या सूचनापत्रानुसार महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यांत उपायुक्त किंवा अधीक्षक यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ६६अ खाली अटक करू नये, असे राज्यांना कळवण्यात आले. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही सूचना पाळण्यास राज्यांना सांगितले. म्हणजे निरीक्षकाच्या विवेकावर अधीक्षकाच्या विवेकाचे कुलूप बसवले गेले. पालघरमध्ये निलंबित झालेल्यांत अधीक्षकच होते, ही गोष्ट सूचनापत्र लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटली असावी. पुढच्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, गोव्यातील एका जहाजबांधणी अभियंत्यावर नरेंद्र मोदी यांच्याविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल इतर कलमांबरोबर ६६अ लावले गेलेच.

निकालाने काय ठरवले

पालघरच्या बातमीनंतर थोड्याच दिवसांत श्रेया सिंघल या कायद्याच्या शिक्षणाकडे वळलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, कॉमन कॉज, माउथशट डॉट कॉम आदींच्या याचिका तिला जोडल्या गेल्या. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठासमोर सुनावणी झाली आणि निकाल नरिमन यांनी लिहिला. सुनावणी पूर्ण होऊन निकाल यायचा असतानाच, मार्च २०१५ मध्ये, उत्तर प्रदेशात अकरावीतील एका मुलाला मंत्र्याच्या नावे फेसबुकवर टाकलेल्या मजकुरावरून अटक झाली.

निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन, कितीही अप्रिय असल्या, तरी अभिव्यक्ती स्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) च्या संरक्षणाखाली येतात. तिसऱ्या पायरीवर आल्यावरच अनुच्छेद १९(२) मधील निर्बंधांचा प्रश्न उद्भवतो. ६६अ मध्ये या तिन्हींत काहीच फरक केलेला नव्हता, शिवाय ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्द १९(२) मधील कोणत्याही कारणाशी जुळत नव्हते.

संदिग्धतेचा मुद्दा न्यायालयाने ज्या पद्धतीने मांडला ती पद्धत मला या निकालातील सर्वांत समर्थ जागा वाटते. ब्रिटनमधील दोन खटले न्यायालयाने समोर ठेवले. एकात खासदाराच्या कार्यालयात दूरध्वनी करून वंशद्वेषी शब्द वापरणाऱ्या माणसाला खालच्या दोन्ही न्यायालयांनी निर्दोष ठरवले आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नेमके उलट ठरवले. दुसऱ्यात बर्फामुळे विमानतळ बंद पडल्यावर तो उडवून देण्याची थट्टा ट्विटरवर करणारा तरुण खाली दोषी ठरला आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयात सुटला. एकाच मजकुराकडे पाहून प्रशिक्षित न्यायाधीश परस्परविरोधी निष्कर्षांवर येत असतील, तर सामान्य नागरिकाने आणि ठाणे अंमलदाराने ‘अत्यंत आक्षेपार्ह’ कोठे सुरू होते हे कसे ओळखायचे? कायदा जबाबदारीने राबवू, असे आश्वासन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल यांनी दिले. त्यावर सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र कायम राहते, तेव्हा अवैध कलमाला आश्वासनाने वाचवता येत नाही, असे न्यायालयाने सुनावले.

याच निकालाने केरळ पोलीस कायद्याचे कलम ११८(ड) रद्द केले, संकेतस्थळे रोखण्याविषयीचे कलम ६९अ कायम ठेवले आणि मध्यस्थांनी मजकूर हटवण्याविषयीच्या कलम ७९ चा अर्थ मर्यादित केला. ते विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

मृत कलम जिवंत कसे राहिले

न्यायालय एखादे कलम रद्द करते तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकातून पुसले जात नाही. ते लागू करता येत नाही, एवढाच निकालाचा परिणाम. मजकूर काढून टाकण्याचे काम संसदेचे असते. दंड संहितेचे कलम ३०३ न्यायालयाने १९८३ मध्ये रद्द केले आणि तरीही जुलै २०२४ मध्ये संहिताच बदलेपर्यंत ते छापले जात राहिले. पण त्या कलमाचा विषय जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने केलेला खून हा होता. ते वर्षानुवर्षे कोणाला आठवले नाही तरी चालण्यासारखे होते. ६६अ रोजच्या वापरातील कलम होते. मोबाइलवरून आलेला कोणताही त्रासदायक संदेश घेऊन माणूस ठाण्यात आला की हाताशी येणारे पहिले कलम तेच असे.

निकालाचा प्रवास येथे पाहावा लागतो. अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. बंधनकारक असणे आणि माहीत असणे यांत मात्र अंतर आहे. १२० च्या आसपास पानांचा इंग्रजी निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर आला. महाराष्ट्रात पोलीस ठाण्याचे आणि तालुका न्यायालयाचे बहुतेक कामकाज मराठीत चालते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे देण्याची व्यवस्था २०१९ मध्ये सुरू झाली. वृत्तपत्रांत बातमी ठळक आली होती हे खरे, पण ठाणे अंमलदाराने बातमीवर विसंबून कलम वगळावे अशी अपेक्षा करणे प्रशासनाच्या रीतीत बसत नाही. तो परिपत्रकावर चालतो. परिपत्रक वरून यावे लागते आणि ते पाठवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

याउलट कलम टिकून राहण्याच्या वाटा अनेक होत्या. ठाण्यातील कायद्याच्या पुस्तकात कलम पूर्ण छापलेले आणि ते रद्द झाल्याची नोंद पानाच्या तळाशी बारीक टंकात. जुलै २०२१ मध्ये ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयाला हेच सांगितले : पोलीस अधिकारी कलम वाचतो, तळटीप पाहत नाही, म्हणून कलमाच्या शेजारीच कंसात ‘रद्द’ असे छापले पाहिजे. एकदा ठाण्यात वापरात रुळलेले कलम पुढच्या फिर्यादीतही जाते, कारण नवी फिर्याद बहुधा जुन्या फिर्यादीच्या नमुन्यावर लिहिली जाते. शिवाय दरम्यानच्या काळात क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टम्स, म्हणजे सीसीटीएनएस, या प्रणालीमुळे गुन्ह्यांची नोंद संगणकावर होऊ लागली. संगणकात कायदा आणि कलम यांची यादी असते आणि जे यादीत आहे ते निवडता येते. कागदावर एखाद्या जाणत्या हवालदाराने सवयीने टाळले असते असे कलम यंत्र विनातक्रार स्वीकारते, जोवर कोणी ते यादीतून काढत नाही. प्रणालीचा उपयोग नेमका उलटा करता आला असता : ६६अ निवडताच नोंद पुढे जाणार नाही, अशी अट एका ठिकाणी घातली की ती देशभर लागू होते. परिपत्रकाला जे काम महिनोन्महिने लागते ते येथे एका दुरुस्तीत झाले असते.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या १,३०७ प्रकरणांतील सर्व आरोपी राजकीय टिप्पणी करणारे नव्हते. ६६अ ची व्याप्ती एवढी होती की खोटे प्रोफाइल काढून स्त्रीची बदनामी करणारा, रात्री-अपरात्री धमकीचे संदेश पाठवणारा, दुसऱ्याच्या नावाने ई-मेल करणारा, असे सगळेच त्यात सापडत. अशी कलमे बहुतेकदा इतर कलमांच्या सोबतीला लावली जातात. कलम गेल्यावर पोकळी निर्माण झाली, अशी पोलिसांची भावना होती आणि तिच्यात थोडे तथ्य होते, जरी २०१३ नंतर पाठलागाविषयीचे कलम ३५४ड, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यातीलच ओळखचोरी आणि तोतयेगिरीची कलमे ६६क व ६६ड, अश्लील मजकुराविषयीचे ६७ आणि दंड संहितेतील निनावी धमकीचे ५०७ अशी साधने उपलब्ध होती. केंद्र सरकारने नेमलेल्या टी. के. विश्वनाथन समितीने २०१७ मध्ये दंड संहितेत नवी कलमे घालण्याची शिफारसही केली. सवयीच्या कलमाची जागा कोणत्या कलमाने घ्यायची, हे तक्रारीच्या प्रकारानुसार ठाण्याला समजावून सांगितले असते, तर ‘आहे तेच लावू’ या वृत्तीला आधार उरला नसता. ‘हे लावू नका’ एवढाच निरोप पुरेसा नव्हता, आणि तोही गेला नाही.

ठाण्यातील चूक ठाण्यातच थांबेल अशी कायद्याची रचना आहे, असे आपण मानतो. गुन्हा नोंदला गेल्यावर आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करतात, तपास होतो, दोषारोपपत्र दाखल होते, न्यायालय त्याची दखल घेते, आरोप निश्चित होतात. प्रत्येक टप्प्यावर कायदा शिकलेला कोणी ना कोणी कागद पाहतो : सरकारी वकील, बचावाचा वकील, न्यायाधीश. तरीही १,३०७ प्रकरणांपैकी कितीतरी या सर्व चाळण्यांतून पुढे सरकली. मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांत, निकालाआधीची आणि नंतरची धरून, ७४५ प्रकरणे प्रलंबित होती. याचा अर्थ अज्ञान फक्त खालच्या पायरीवर नव्हते. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीवर विश्वास ठेवला होता.

माहिती कोणाच्या हाती होती

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब येथे येते. वकील अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता यांनी २०१८ मध्ये रद्द कलमांच्या या उत्तरायुष्यावर संशोधन निबंध लिहिला. त्याच्या आधारे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज पुन्हा न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की निकालाच्या प्रती प्रत्येक उच्च न्यायालयामार्फत जिल्हा न्यायालयांपर्यंत आणि केंद्र सरकारमार्फत मुख्य सचिव व तेथून पोलीस महासंचालकांपर्यंत पोहोचवाव्यात. निकालाला पोलीस ठाण्याचा पत्ता मिळण्यास चार वर्षे लागली आणि तोही एका स्वयंसेवी संस्थेने मागितल्यावर मिळाला.

तो पत्ताही पुरला नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि सिव्हिक डेटा लॅब यांनी जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावरील नोंदी गोळा करून या कलमाच्या खटल्यांचा मागोवा घेणारे संकेतस्थळ उभारले. वर दिलेले आकडे तेथून आले आणि ते पुन्हा सर्वोच्च न्यायालयासमोर ठेवले गेले. हा माहितीसाठा सरकारी खर्चाने, न्यायव्यवस्थेच्या संगणकीकरणातून तयार झालेला होता. कोणत्या न्यायालयात, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला प्रकरण दाखल झाले, हे त्यात स्वच्छ नोंदलेले होते. मोजक्या माणसांची एक खासगी संस्था बाहेरून जे शोधू शकली, ते गृह विभागाला, राज्यांच्या अभियोग संचालनालयांना आणि स्वतः न्यायालयांच्या प्रशासनाला सहा वर्षे शोधावेसे वाटले नाही. संगणकीकरणाने नोंद ठेवण्याची सोय झाली. त्या नोंदीला प्रश्न विचारण्याचे काम कोणाच्याही नोकरीच्या तपशिलात बसत नव्हते.

५ जुलै २०२१ रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्याच पीठासमोर हे आकडे आले तेव्हा त्यांनी जे चालले आहे ते धक्कादायक असल्याचे म्हटले. १४ जुलैला केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवले की ६६अ खाली गुन्हे नोंदवू नयेत आणि नोंदवलेले असल्यास तत्काळ मागे घ्यावेत. पोलीस हा राज्यांचा विषय आहे, असा पवित्रा केंद्राने न्यायालयात घेतला. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे तो चुकीचा नाही. पण कलम केंद्रीय कायद्यातले होते, ते पुस्तकातून काढण्याचा अधिकार संसदेचाच होता आणि त्यासाठी राज्यांना विचारण्याची गरज नव्हती.

दरम्यान केरळ सरकारने, ज्याच्या पोलीस कायद्यातील जुळे कलम त्याच निकालाने गेले होते, नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकूम काढून ११८अ हे नवे कलम आणले. त्यावर इतकी टीका झाली की काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. २०१५ च्या निकालाचा सल राज्यकर्त्यांच्या मनातून गेला नव्हता, असा याचा एक अर्थ लागतो.

शेवटचे आदेश आणि त्यांची मर्यादा

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या पीठाने अंतिम निर्देश दिले. ६६अ खाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. जेथे खटले चालू आहेत तेथे या कलमाचा उल्लेख वगळला जाईल. राज्यांचे गृह सचिव आणि पोलीस महासंचालक यांनी आपल्या संपूर्ण दलाला तशा सूचना द्याव्यात. आणि सरकारी, निमसरकारी वा खासगी अशा कोणत्याही प्रकाशनात हा कायदा छापताना कलम ६६अ रद्द झाल्याची माहिती वाचकाला पुरेशी स्पष्ट दिली जावी. शेवटचा निर्देश वाचताना वेणुगोपाल यांच्या तळटिपेची आठवण होते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पुस्तकातील टंकाच्या जागेविषयी आदेश द्यावा लागला.

२०२३ च्या जन विश्वास कायद्याने अनेक जुन्या तरतुदींची छाटणी करताना कलम ६६अ माहिती तंत्रज्ञान कायद्यातून काढून टाकले. निकालानंतर आठ वर्षांनी मजकूर गेला. यासाठी स्वतंत्र विधेयक आले नाही. व्यवसायसुलभतेसाठी डझनावारी कायद्यांत केलेल्या दुरुस्त्यांच्या अनुसूचीतील ती एक ओळ होती.

ऑक्टोबर २०२२ च्या निर्देशांची मर्यादा त्यांच्या शब्दांतच आहे. इतर गुन्ह्यांचे आरोपही असतील, तर फक्त ६६अ चा उल्लेख वगळला जाईल आणि बाकीचा खटला पुढे चालेल. न्यायतत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण आधी सांगितल्याप्रमाणे ६६अ क्वचितच एकटे लावले जाई आणि अनेकदा पोलिसांना दखलपात्र म्हणून दार उघडून देण्याचे काम त्यानेच केलेले असे. दार बंद झाले, तरी आत शिरलेले प्रकरण आतच राहिले. जाधवपूरच्या त्या प्राध्यापकाचे उदाहरण याच कारणासाठी बोलके आहे. एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली. मार्च २०१५ मध्ये मुख्य कलम देशभर रद्द झाले. तरीही प्रकरण अलीपूर न्यायालयात चालत राहिले आणि त्यातून त्यांची मुक्तता झाली ती जानेवारी २०२३ मध्ये.

निर्देश चालू खटल्यांविषयी होते. २०१५ ते २०२२ या काळात या कलमाखाली ज्यांना अटक झाली, ज्यांनी वकिलाची फी भरली, ज्यांची पारपत्राची किंवा नोकरीपूर्वीची पोलीस पडताळणी अशा नोंदीमुळे अडली असेल, त्यांच्यासाठी त्यांत काही नव्हते. आणि २०१९ ची निकालाच्या प्रती पाठवण्याची व्यवस्था या एका निकालापुरती केलेली होती. पुढे एखादे कलम रद्द झाले, तर ते पोलीस ठाण्यातील यादीतून कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत काढायचे, हा नियम त्यातून तयार झाला नाही.